गल्ल्यामागचा संगणक कोणाच्या ताब्यात?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमित अपडेट देणे थांबवले. बार्शीटाकळीच्या बाजारात त्या दिवशी कोणाचे शटर पडले नाही. अडतीची दुकाने, कृषी केंद्रे, मेडिकल, झेरॉक्स, सेवा केंद्रे, सगळीकडचे संगणक नेहमीसारखेच सुरू झाले. म्हणूनच या विषयावर आपल्या गावात कोणी मोठ्याने बोलत नाही. त्रास मात्र सगळ्यांच्या परिचयाचा आहे. दरवर्षी येणारे रिन्यूअल, ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणत वारंवार घेतले जाणारे पैसे, एका सकाळी उघडेनाशा झालेल्या फाइली आणि अकोल्याहून माणूस येईपर्यंत अडलेले बिल. सॉफ्टवेअर विकत घ्यावे की मुक्त स्रोताचे वापरावे, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांचा, असे समजून आपण तो सोडून दिला. पण पैसा आपला जातो, हिशेब आपले अडकतात आणि कायद्याची जोखीमही आपल्याच नावावर राहते. मग निर्णय दुसऱ्या कोणी का घ्यावा?

१. आधी जे सर्वांना माहीत आहे ते उघड बोलू. आपल्या तालुक्यात विकतचे सॉफ्टवेअर आणि मुक्त स्रोताचे सॉफ्टवेअर यांच्यात निवड होतच नाही. निवड होते ती क्रॅकची, म्हणजे कुलूप तोडून फुकट केलेल्या चोरीच्या प्रतीची. संगणक घेतला की विकणारा विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, कोरल सगळे ‘टाकून’ देतो. पावतीवर किंमत फक्त यंत्राची. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ही फिकट ओळ वर्षानुवर्षे उभी असते आणि हळूहळू आपल्याला ती दिसेनाशी होते. कायद्याला ती दिसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३-ब सांगते की, प्रत बेकायदा आहे हे ठाऊक असताना ती संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते; दुकानातल्या संगणकाला ती सवलत नाही. शिवाय क्रॅक टाकताना पहिली सूचना कोणती असते? ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ ज्या वस्तूसाठी घराचा दरवाजा आधी उघडा टाकावा लागतो, ती वस्तू घरात घ्यावीच का? मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच देऊन ठेवली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. क्रॅक पकडले जाईल या धास्तीने अपडेट कायमचे बंद करून ठेवणारे आपले शेकडो दुकानदार आज त्याच जागी उभे आहेत. क्रॅकला बचत म्हणणे आता तरी थांबवले पाहिजे.

२. मग हिशेब कशाचा करायचा? वऱ्हाडातल्या माणसाला हे बियाण्यावरून लगेच समजेल. मृग जवळ आला की आपल्यासमोर तीन तऱ्हेचे बियाणे असते. एक, बीटी कापसाचे संकरित पाकीट. बिल मिळते, तक्रार करता येते, पण पुढच्या हंगामात पुन्हा विकत घ्यावे लागते. दुसरे, बिलाशिवाय हातोहात मिळणारे पाकीट. ते उगवले नाही तर विकणारा ओळखसुद्धा दाखवत नाही, आणि पंचनाम्याला जायचे कोणत्या तोंडाने? तिसरे, घरचे सोयाबीन. ते कोणाला विचारून पेरावे लागत नाही, शेजाऱ्याला देता येते, पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. मात्र ते निवडून, वाळवून, जपून ठेवावे लागते. पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे घालून उगवण तपासावी लागते आणि सत्तरपेक्षा कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते. मुक्त स्रोताचे सॉफ्टवेअर हे या तिसऱ्या जातीचे आहे. लिनक्स, लिब्रेऑफिस, इंकस्केप यांचा मूळ कोड सर्वांसाठी खुला आहे. ते वापरायला, तपासायला, बदलायला आणि दुसऱ्याला द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. परवान्याचे पैसे शून्य. पण मांडणी, शिकणे, बॅकअप, अडचणीला धावून येणारा माणूस या मेहनतीचे मोल शून्य नाही. ही मेहनत न सांगता ‘सगळे फुकट आहे’ असे सांगत फिरणारे मुक्त स्रोताचे मित्र नव्हेत. पहिल्याच अडचणीला लोक माघारी फिरतात ते त्यांच्यामुळे.

३. आता आकडे. बंगळुरूच्या गोयंका पिता-पुत्रांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचे टॅली आज आपल्या बाजारपेठेची भाषा झाले आहे. ‘टॅली येणारा मुलगा पाहिजे’ ही पाटी अकोल्याच्या प्रत्येक गल्लीत दिसते. ते उत्तम सॉफ्टवेअर आहे, भारतीय आहे आणि ज्याने पावतीने घेतले त्याने योग्यच केले. पण त्याची पूर्ण किंमत किती जणांनी मांडून पाहिली आहे? एका संगणकाच्या टॅलीप्राइम सिल्व्हरचा अलीकडचा जाहीर दर २२,५०० रुपये. १८ टक्के जीएसटी धरून २६,५५०. पहिले वर्ष सेवा त्यातच. दुसऱ्या वर्षापासून नव्या आवृत्त्या आणि जोडसेवा हव्या असतील तर ४,५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५,३१०. पाच वर्षांचे मिळून ४७,७९० रुपये. रिन्यूअल केले नाही तरी विकत घेतलेले टॅली बंद पडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण जीएसटीचे नियम बदलत राहिले की जुन्या आवृत्तीवर थांबणे अवघड होते. खासगी कंपनी म्हणून नोंदलेल्या जिनिंगला किंवा दालमिलला तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नोंदीतल्या बदलाचा माग ठेवणारेच लेखा सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. तिथे जुने क्रॅक केलेले टॅली म्हणजे लेखापरीक्षकाच्या शेऱ्याला निमंत्रण.

पंचाहत्तर लाखांची उलाढाल असलेल्या कृषी केंद्राला पाच वर्षांत अठ्ठेचाळीस हजार जड नाहीत. जड आहे ती दुसरी किंमत, जी कोणत्याच कोटेशनवर छापलेली नसते: बाहेर पडण्याची. मार्च संपला की अकोल्याचे सीए ‘टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हमध्ये द्या’ म्हणतात. दुसऱ्या कशात हिशेब ठेवला तर ते घेणार नाहीत या भीतीने आपण दुसरे काही पाहतच नाही. आजोबांची लाल वही आज उघडली तरी वाचता येते, रोजमेळ आणि खतावणी दोन्ही. वीस वर्षांपूर्वीच्या संगणकातला हिशेब आज किती जणांना उघडता येईल? सॉफ्टवेअर घेताना खरा प्रश्न हाच विचारायला हवा: उद्या हे सोडायचे ठरवले तर माझ्या सगळ्या नोंदी मला साध्या, कुठेही उघडणाऱ्या फाइलीत मिळतील का? उत्तर ‘नाही’ असेल तर सवलतीच्या दरातही तो सौदा महाग आहे.

४. ही बाहेर पडण्याची किंमत सगळ्यात जास्त कोणी मोजली असेल तर आपल्या छपाईवाल्यांनी. लग्नपत्रिका, बिलबुके, शाळेचे फलक, उमेदवारांची पत्रके करणाऱ्या कोणत्याही दुकानात जा. पेजमेकर ७ उघडे असते. ही आवृत्ती २००१ ची. त्यानंतर अडोबीने पेजमेकरची नवी आवृत्ती काढलीच नाही. त्याला युनिकोड मराठी, म्हणजे कुठल्याही संगणकावर आणि मोबाइलवर मराठी म्हणूनच उघडणारा मजकूर, कळत नाही. म्हणून मजकूर कृतिदेव किंवा तशाच जुन्या फाँटमध्ये टाइप होतो. कृतिदेवमध्ये ‘कमल’ लिहिले तर संगणकाच्या लेखी ती मराठी अक्षरे नसतातच. इंग्रजी डी, ई आणि वाय या कळा असतात, त्यांना फक्त मराठी चेहरा चढवलेला असतो. ती फाइल फाँट नसलेल्या संगणकावर उघडा, कमलताईंच्या नावाच्या जागी ती तीन इंग्रजी अक्षरे उभी राहतात. मोबाइलवर पाठवता येत नाही, शोधता येत नाही, संकेतस्थळावर टाकता येत नाही. पंधरा वर्षांत साठवलेला हजारो पत्रिकांचा मजकूर, ग्रामपंचायतींचे ठराव, शाळांच्या याद्या या दुकानांच्या संगणकांत अशा लिपीत पडून आहेत, जिला त्या यंत्राबाहेर मराठी म्हणून अस्तित्वच नाही. मुद्रितशोधन करणाऱ्या पोरांची पोरे आता तेच काम करतात आणि तीच फाइल पुन्हा टाइप करतात. ही मजुरी कोणाच्या खात्यात मांडायची?

या बाबतीत पर्याय परदेशातून आणावा लागत नाही. मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाने मुक्ता, बालू यांसारखे देखणे देवनागरी फाँट खुल्या परवान्याने सर्वांना दिले आहेत. धंद्याच्या कामाला वापरले तरी एक पैसा द्यावा लागत नाही. पुण्यातल्या रेड हॅटच्या अभियंत्यांनी लोहित हा फाँट वर्षानुवर्षे सांभाळला. इंकस्केप आणि स्क्रायबस ही मांडणीची मुक्त साधने युनिकोड मराठी नीट जोडाक्षरांसह मांडतात. अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही: अकोल्याचा फ्लेक्सवाला कोरलची फाइल मागतो आणि कोरलवर पंधरा वर्षे बसलेला हात इंकस्केपवर पहिले दोन महिने अडखळतो. पण फ्लेक्सचे यंत्र पीडीएफही छापते. दोन महिन्यांचे अडखळणे जास्त की आणखी पंधरा वर्षे मराठी मजकूर कोंडून ठेवणे जास्त? ज्या गावात मराठीतून धंदा चालतो, त्या गावाने आपली अक्षरे बंद पडलेल्या सॉफ्टवेअरकडे ओलीस ठेवू नयेत.

५. विंडोज १० चा विषय थोडक्यात. विंडोज ११ साठी कंपनीने टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि ठरावीक प्रोसेसर आवश्यक केले आहेत. इंटेलचे म्हणाल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे. त्याआधीच्या पिढीचा, अगदी धडधाकट संगणक या यादीत बसत नाही. कंपनीने घरगुती ग्राहकांना वर्षभराची वाढीव सुरक्षा दिली. तीही ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते. पुढे? एक तर नवे यंत्र घ्या, नाही तर असुरक्षित जुन्यावर चालवा. तिसरा मार्ग आहे: त्याच यंत्रावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाका. पत्र लिहिणे, हिशेबाचे तक्ते, जीएसटीचे संकेतस्थळ, बँकेचे व्यवहार, ईमेल हे सगळे त्यावर चालते. चालत्या संगणकाला भंगार ठरवण्याचा अधिकार आपण दूरच्या कंपनीला देऊन बसलो, हे कोणत्याही व्यापाऱ्याला पटण्यासारखे नाही.

६. आता शासनाकडे वळू, कारण या बाबतीत सर्वात मोठी जबाबदारी त्यांची आहे. जीएसटीचे ऑफलाइन साधन विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट एक्सेल गृहीत धरून बनवलेले. प्राप्तिकर विवरणाची एक्सेल युटिलिटी मॅक्रोवर चालते. ती लिब्रेऑफिसमध्ये धड चालत नाही. डिजिटल सहीचे टोकन, बोटांचे ठसे घेणारी यंत्रे यांचे ड्रायव्हर आधी विंडोजसाठी येतात, लिनक्ससाठी आले तर आले. सेवा केंद्र चालवणाऱ्या तरुणाने प्रामाणिकपणे मुक्त प्रणाली वापरायची ठरवली तरी सरकारी कामच त्याला अडवते. कराची सरकारी साधने वापरण्यासाठी नागरिकाला एका विशिष्ट खासगी कंपनीचा ग्राहक व्हावे लागावे, हे कोणत्या न्यायात बसते? नवल असे की, केंद्र सरकारचे स्वतःचे धोरण याच्या उलट आहे. २०१० मध्ये ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आले. २०१५ मध्ये सरकारी यंत्रणांनी मुक्त स्रोताच्या सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे असे धोरण जाहीर झाले. सी-डॅकने बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली २००७ पासून उपलब्ध केली. धोरण दिल्लीत छापले गेले आणि बार्शीटाकळीच्या सेवा केंद्रात मात्र क्रॅकवरच दाखले निघत राहिले.

शिक्षणाचे तसेच. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीने लाखो मराठी मुलांना संगणकाला हात लावायला शिकवले. हे काम मोठे होते. खेड्यातल्या मुलींना त्या प्रमाणपत्राने नोकरीचे दार उघडले, ते विसरता येणार नाही. पण शिकवले गेले ते प्रामुख्याने एकाच कंपनीचे विंडोज आणि ऑफिस. पत्र लिहिणे म्हणजे वर्ड आणि तक्ता म्हणजे एक्सेल असे एका पिढीच्या बोटांत बसले. याउलट केरळने काय केले? तिथल्या शाळांनी संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. दोन लाखांवर शालेय संगणकांवर ते टाकल्याने तीन हजार कोटी रुपये वाचले, असा तिथल्या काइट या सरकारी संस्थेचा २०१९ चा हिशेब आहे. तो आकडा परवान्यांच्या बाजारभावाने मांडलेला आहे, त्यात घासाघीस धरलेली नाही, हे मान्य. अर्धा धरला तरी विचारावेसे वाटते: केरळच्या सरकारी शाळेतल्या मुलाला जे जमले ते आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला का जमू नये?

आणि सोसायट्यांचे काय? केंद्राने २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गावोगावच्या सेवा सहकारी सोसायट्या एका समान सॉफ्टवेअरवर येणार, ही चांगलीच गोष्ट. पण सभासद म्हणून आपण वार्षिक सभेत एवढे तरी विचारायला नको का, की आमच्या कर्जाच्या नोंदी कोणत्या स्वरूपात साठतात, त्या सोसायटीला स्वतः काढून घेता येतात का आणि करार संपल्यावर त्या कोणाच्या हाती राहतात? सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या नोंदींची चावी सार्वजनिकच असली पाहिजे.

७. ‘एवढी मोठी कंपनी, ती कुठे पळून जाणार आहे?’ असे म्हणणाऱ्यांनी जुलै २०२५ आठवावा. नायरा एनर्जी ही आपल्याकडच्या रस्त्यांवर पेट्रोल पंप असणारी, वाडीनारला मोठी रिफायनरी चालवणारी भारतात नोंदलेली कंपनी. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टची जवळपास निम्मी भागीदारी आहे. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले, करार केलेला, तरी कर्मचाऱ्यांना स्वतःचेच ईमेल आणि कागदपत्रे उघडेनात. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि त्यानंतर सेवा पुन्हा सुरू झाल्या. नायराकडे वकील होते, पैसा होता, बातमी होण्याइतके नाव होते. आपल्यातल्या एखाद्या अडत्याचे खाते अशाच कुठल्या दूरच्या निर्णयाने बंद पडले तर तो कोणत्या न्यायालयात जाणार? भाड्याने घेतलेल्या सेवेवर धंदा चालवा, हरकत नाही. पण हिशेबाची एक प्रत नेहमी आपल्या कपाटात, आपल्याला उघडता येईल अशा स्वरूपात असली पाहिजे.

८. मुक्त स्रोतावर खरा धंदा चालतो का, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर मुंबईत आहे. रुषभ मेहता यांना घरच्या फर्निचर व्यवसायात ईआरपी, म्हणजे सगळा कारभार एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर, बसवताना जो त्रास झाला त्यातून ईआरपीनेक्स्ट जन्माला आले. त्यांची फ्रापे ही कंपनी २००८ पासून ते घडवते आहे. खरेदी, विक्री, साठा, पगार, लेखा सगळे त्यात आहे आणि जीएसटी व ई-वे बिलासाठी स्वतंत्र खुली जोडणी आहे. झिरोधासारखी देशातली मोठी दलाली कंपनी ते वापरते. अकोला एमआयडीसीतल्या एखाद्या दालमिलला तुरीची आवक, पॉलिशची घट, बारदाना, चुणी आणि डाळ हे सगळे एकाच जागी बांधायचे असेल तर विकतच्या ईआरपीच्या दरमाणशी परवान्यापेक्षा हे कितीतरी हलके पडेल. मात्र एका संगणकाच्या किराणा दुकानाने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो आणि त्या दुकानाला पावतीचे टॅलीच स्वस्त पडेल. जीएसटीचे संकेतस्थळ चालवणाऱ्या जीएसटीएनने २०१९ मध्ये दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीच्या करदात्यांसाठी बिलिंगचे मोफत सॉफ्टवेअर दिले, त्याची चौकशी तरी आपल्यातल्या किती जणांनी केली?

फसलेले प्रयोगही आहेत. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परत जाण्याचा ठराव केला. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी, इतर कार्यालयांच्या फाइलींशी न जुळणे, बदललेले राजकारण अशी कारणे होती. त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये तीस हजार कर्मचाऱ्यांना लिब्रेऑफिसवर नेण्याचे ठरवले. म्हणून घाई नको: आधी ऑफिस आणि ब्राउझर, नंतर प्रणाली, असे टप्प्याने, लोकांना सोबत घेऊन गेलेले बरे.

आणि मुक्त स्रोत वापरणाऱ्यांची जबाबदारी? हार्वर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडले की, मुक्त स्रोताचे सॉफ्टवेअर नसते तर कंपन्यांना सॉफ्टवेअरवर साडेतीनपट खर्च करावा लागला असता. जगाला त्याचे मोल ८.८ लाख कोटी डॉलर आहे. एवढ्या मोलाची वस्तू सांभाळतो कोण? मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्याशा, पण जगभरच्या लिनक्स सर्व्हरांत असलेल्या घटकात कोणीतरी चोरदार बसवल्याचे उघड झाले. ते सांभाळणारा थकलेला एकटा माणूस होता. मदतीच्या मिषाने आलेल्या अनोळखी व्यक्तीने दोन-अडीच वर्षे विश्वास कमावून हा डाव टाकला. सापडले कसे? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन होताना अर्ध्या सेकंदाचा उशीर जाणवला आणि त्याने कोड उघडून पाहिला. कोड खुला होता म्हणून सापडले, हे खरे. पण राबणाऱ्याला कोणी विचारत नव्हते म्हणून घडले, हेही तितकेच खरे. झिरोधाने २०२४ पासून अशा प्रकल्पांना वर्षाला दहा लाख डॉलर देण्याचा निधी सुरू केला. आपली ऐपत तेवढी नाही. पण जे सॉफ्टवेअर रोज वापरतो त्याला वर्षाला पाचशे रुपये देण्याची ऐपत बार्शीटाकळीत नक्कीच आहे. मुक्त स्रोत फुकटात ओरबाडणारे आणि क्रॅक वापरणारे यांच्यात फक्त कायद्याचा फरक उरतो.

९. शेवटी करायचे काय? पैसा कुठे जातो तिथून सुरुवात करू. परवान्याचे पैसे तालुक्याबाहेर जातात आणि परत येत नाहीत. सेवेचे पैसे तालुक्यात राहू शकतात. पन्नास दुकानांनी मिळून महिन्याला चारशे रुपये काढले तर वीस हजार होतात. एवढ्यात गावातलाच एक प्रशिक्षित तरुण किंवा तरुणी या पन्नास संगणकांची देखभाल करू शकेल: लिब्रेऑफिस बसवणे, जुन्या यंत्रांवर लिनक्स, दर आठवड्याला बॅकअप, कृतिदेवचा मजकूर युनिकोडमध्ये फिरवणे, ज्याला टॅली हवे त्याला पावतीचे टॅली घेऊन देणे. आज हेच काम अकोल्याहून येणारा माणूस दर खेपेला वेगळे पैसे घेऊन करतो आणि बहुतेकदा क्रॅकच टाकून जातो. व्यापारी संघटनेने पुढाकार घेतला तर पहिल्या वर्षी दहा दुकानांवरही हे करून पाहता येईल. आपल्या गुलाम नबी आझाद महाविद्यालयात शिकणारी मुले पदवी घेऊन पुण्याला जातात. त्यांच्यातल्या दोघांना गावात पगार देणारे काम हे आहे.

नगर पंचायतीने पुढच्या संगणक खरेदीच्या निविदेत एक अट घालावी: निविदा भरणाऱ्याने मुक्त स्रोताचा पर्यायही दरासह मांडावा आणि सगळ्या नोंदी खुल्या स्वरूपात परत देण्याची हमी द्यावी. कृषी उत्पन्न बाजार समितीने आवक-जावकीच्या नोंदींसाठी तीच अट घालावी. अकोल्याच्या सीए मंडळींनी टॅलीच्या बॅकअपबरोबर साधी स्प्रेडशीटही स्वीकारू असे जाहीर केले तर अर्ध्या व्यापाऱ्यांची भीती त्याच दिवशी जाईल. आणि आपण? नवे आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. त्याआधी आपल्या संगणकात काय काय आहे, कशाची पावती आहे आणि कशाची नाही, याची एक यादी प्रत्येक मालकाने स्वतःच्या हाताने करावी. मार्चमध्ये संघटनेची बैठक बोलवावी आणि ती यादी सोबत आणावी. तिथे ज्यांच्या यादीत क्रॅक निघेल त्यांना कोणी बोल लावू नये; पुढच्या मार्चपर्यंत एक-एक ओळ कशी खोडायची, एवढेच त्या बैठकीत ठरवावे.